मागे कोणी नाही, हे कशावरून?



एस.टी.ची गाडी फाट्यावरच्या अरुंद जागेत मागे घ्यायची असली म्हणजे कंडक्टर खाली उतरतो, पाठीमागे एका अंगाला उभा राहतो आणि ओरडत राहतो, ‘येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या!’ ड्रायव्हर त्या आवाजाच्या भरवशावर गाडी मागे आणतो. आवाज थांबला की त्याचा पाय ब्रेकवर गेलाच. कंडक्टरने ‘थांबा’ म्हणावे लागत नाही. तो गप्प झाला एवढे पुरे असते. कदाचित त्याला ठसका लागला असेल, कदाचित कोणी ओळखीचा भेटला असेल, किंवा तो स्वतःच चिखलात घसरून पडला असेल. कारण काहीही असो, गाडी थांबते. ही रीत कोणी पुस्तकात लिहून ठेवलेली नाही, पण तिच्यात केवढे शहाणपण आहे ते आजच्या मोटारीकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

आजच्या मोटारीत या कंडक्टरची जागा मागच्या बंपरमध्ये बसवलेल्या रुपयाएवढ्या वाटोळ्या टिकल्यांनी घेतली आहे. त्यांना सेन्सर म्हणतात. कोठे दोन असतात, कोठे चार. महागड्या गाडीत पुढच्या बंपरलाही असतात. आपल्या देशात १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना ही मागची सूचना देणारी योजना सक्तीची झाली, त्यामुळे ती आता शहरातल्या श्रीमंतांपुरती राहिलेली नाही. बाजारच्या दिवशी तालुक्याच्या गावी उभ्या असलेल्या गाड्यांच्या मागे सहज नजर टाका, या टिकल्या दिसतील.

पण या नव्या कंडक्टरची तऱ्हा उलटी आहे. जुना कंडक्टर वाट मोकळी असेपर्यंत बोलतो आणि अडचण आली की गप्प होतो. नवा कंडक्टर वाट मोकळी असेपर्यंत गप्प असतो आणि अडचण आली की ‘टी टी टी’ करून बोलू लागतो. आता असे समजा, की हा नवा कंडक्टर मूर्च्छा येऊन पडला. तरीही तो गप्पच राहणार! म्हणजे एकाच मौनाचे दोन अर्थ झाले. ‘मागे कोणी नाही’ हा एक, आणि ‘मागे कोण आहे ते सांगणाराच जागेवर नाही’ हा दुसरा. गाडी हाकणाऱ्याने यातला कोणता घ्यावा?

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. मोटारदुरुस्ती हा माझा धंदा नव्हे. परंतु हा प्रश्न मात्र थेट आमच्या प्रांतातला आहे. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनी त्यावर शतकानुशतके वाद घातला आहे. त्यांचे नेहमीचे उदाहरण मडक्याचे. ‘या जमिनीवर मडके नाही’ हे ज्ञान आपल्याला होते कसे? जे नाही त्याच्याशी डोळ्यांचा संबंध येणार कसा? कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती म्हणाले, न दिसणे हेच येथे ज्ञानाचे साधन आहे. त्याला त्यांनी ‘अनुपलब्धी’ असे नाव दिले आणि स्वतंत्र प्रमाणाचा मान दिला. प्रभाकराच्या अनुयायांना हे मान्य नव्हते. तो वाद असो. आपल्या कामाची आहे ती त्यांनी घातलेली एक अट. न दिसणे हे ‘योग्य’ असले पाहिजे. म्हणजे काय? मडके तेथे असते तर ते दिसलेच असते, अशी सगळी परिस्थिती हवी. दिवा लागलेला हवा, डोळे उघडे हवेत, मध्ये आडपडदा नको. अंधाऱ्या खोलीत मडके दिसले नाही, एवढ्यावरून ते तेथे नाही असे म्हणता येत नाही.

हीच अट मोटारीला लावा. सेन्सर वाजला नाही म्हणून मागे कोणी नाही, हे अनुमान तेव्हाच खरे जेव्हा मागे कोणी असते तर सेन्सर वाजलाच असता. तेव्हा आजचा विषय हा, की हा दिवा लागलेला आहे की विझलेला हे ओळखायचे कसे, आणि विझला असेल तर नेमका कोठे विझला ते हुडकायचे कसे.

प्रथम ही टिकली करते काय ते पाहू. शिक्षक बंधुभगिनींना हे वर्गात सांगता येण्याजोगे आहे. शाळेच्या लांब भिंतीपासून सतरा मीटरांवर उभे राहून टाळी वाजवली तर आवाज भिंतीपर्यंत जाऊन सुमारे एकदशांश सेकंदात परत येतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, त्यावरून मुलांना हिशेब करता येईल. सेन्सर हेच करतो, फक्त त्याची टाळी आपल्याला ऐकू येत नाही. माणसाच्या कानाची धाव सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत. सेन्सरचा आवाज चाळीस हजारांच्या वरचा. एक मीटरवर भिंत असली तर प्रतिध्वनी सेकंदाच्या हजारांश भागांपैकी जेमतेम सहा भागांत परत येतो. तेवढा वेळ मोजला की अंतर कळले. वटवाघूळ रात्री उडते ते याच विद्येवर. अमेरिकेतल्या डोनाल्ड ग्रिफिन या शास्त्रज्ञाने १९३८ साली, विद्यार्थिदशेतच, वटवाघळाचा हा न ऐकू येणारा आवाज यंत्राने टिपून दाखवला होता.

वटवाघूळ मात्र सेन्सरपेक्षा हुशार. सेन्सरला बारीक खांब नीट कळत नाही. बंपरच्या खाली राहणारा धोंडा किंवा निजलेले कुत्रे त्याच्या नजरेतून सुटते. कडब्याची पेंढी किंवा गोधडी असल्या मऊ वस्तू आवाज शोषून घेतात, म्हणून त्यांचाही प्रतिध्वनी क्षीण येतो. आणि अगदी वीतभर अंतरावर आलेली वस्तू त्याला ओळखू येत नाही, कारण स्वतःच्या टाळीचा कंप थांबण्यापूर्वीच प्रतिध्वनी येऊन पोचतो. म्हणजे सगळे धडधाकट असतानासुद्धा ‘योग्यते’ला एवढ्या मर्यादा आहेत. या मर्यादा बिघाड नव्हेत. बिघाड निराळा.

टिकलीने ऐकले, पुढे काय? टिकल्यांच्या मागे तारा आहेत, त्या एका छोट्या डब्यात जातात. हा डबा बहुधा डिकीच्या बाजूच्या आवरणामागे लपवलेला असतो. अंतराचा हिशेब तो करतो. मग तो हिशेब चालकासमोरच्या पडद्यावर किंवा भोंग्यावर पाठवायचा असतो. येथे दोन प्रकार आहेत. साध्या गाडीत, किंवा बाजारातून नंतर बसवून घेतलेल्या संचात, डबा सरळ स्वतःच्या भोंग्याला जोडलेला असतो आणि त्याला वीज मागच्या दिव्याच्या तारेतूनच मिळते. रिव्हर्स गिअर टाकला, दिवा लागला, डबा जागा झाला. अशा गाडीत मागचा पांढरा दिवाच लागत नसेल तर सेन्सरला दोष देण्यात अर्थ नाही. गिअरवरचा स्विच किंवा दिव्याचा फ्यूज आधी पाहावा. बऱ्याच ‘मोठ्या’ बिघाडांची वाट येथेच संपते.

दुसरा प्रकार हा आजचा खरा विषय. नव्या गाडीत असे डबे पुष्कळ असतात. इंजिनाचा एक, ब्रेकचा एक, दरवाजांचा एक, समोरच्या काट्यांचा एक. प्रत्येकापासून प्रत्येकाकडे स्वतंत्र तार न्यायची तर गाडीत माणसांना बसायला जागा उरणार नाही. म्हणून जर्मनीतल्या बॉश कंपनीने १९८३ साली एका सामाईक तारजोडीची योजना आखायला घेतली आणि १९८६ साली अमेरिकेत डेट्रॉइट येथे अभियंत्यांपुढे मांडली. तिला ‘कॅन’ म्हणतात. दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या, आणि सगळे डबे त्यांनाच जोडलेले. कोणीही बोलावे, सगळ्यांनी ऐकावे, ज्याला हवा त्याने तो निरोप घ्यावा. दोघे एकदम बोलू लागले तर ज्याचा निरोप अधिक महत्त्वाचा तो पुढे जातो आणि दुसरा आपण होऊन थांबतो. ग्रामसभेतसुद्धा इतकी शिस्त मी पाहिलेली नाही!

तारा दोन का, हे सांगण्यासारखे आहे. बोलताना एका तारेवरचा दाब वर चढतो, दुसरीवरचा तेवढाच खाली उतरतो, आणि ऐकणारा फक्त दोहोंमधला फरक पाहतो. बैलगाडीत दोघे शेजारी बसलेत असे समजा. खड्डा आला की दोघेही एकदम उसळतात, पण त्यांच्या उंचीतला फरक तेवढाच राहतो. तसा बाहेरचा विजेचा धक्का दोन्ही तारांना सारखाच बसतो, फरक बिघडत नाही, निरोप शाबूत राहतो. तारा पिळलेल्या असतात त्या यासाठीच. एखादा घाईतला कारागीर तार तुटली म्हणून लांबलचक सुटा तुकडा जोडून देतो, पीळ घालत नाही. मग गाडी कधी बोलते, कधी बोलत नाही.

आता या मंडळींत हजेरी असते. प्रत्येक डबा ठराविक वेळाने काही ना काही निरोप टाकत असतो. तीच त्याची ‘हजर’. एखाद्याचा निरोप ठरल्या वेळात आला नाही की इतर डबे आपापल्या वहीत त्याची गैरहजेरी मांडतात. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला म्हणजे ही वही वाचता येते. वहीतल्या नोंदींना रोमन अक्षर आणि आकडे असतात. ‘बी’ अक्षराची नोंद गाडीच्या अंगावरच्या एखाद्या भागाबद्दल असते, उदाहरणार्थ अमुक सेन्सरची तार तुटली. ‘यू’ अक्षराची नोंद बोलाचाली तुटल्याची. ‘यू ०१५९’ अशी नोंद दिसली तर तिचा अर्थ, पार्किंगला मदत करणाऱ्या डब्याशी संपर्क तुटला.

येथे जरा थांबू या, कारण सगळी गफलत येथे होते. ही नोंद वाचून पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाइकाला सांगतात, ‘साहेब, तुमचा पार्किंगचा डबा गेला, नवा टाकावा लागेल.’ पण वहीत तसे लिहिलेलेच नाही! ही तक्रार त्या डब्याने केलेली नाही. बाकीच्यांनी त्याच्याविषयी केली आहे. हजेरीपटावर गुरुजी ‘गैरहजर’ एवढेच मांडतात, ‘आजारी’ असे लिहीत नाहीत. मुलगा आजारी असेल, घरी कापणी असेल, त्याची चप्पल तुटली असेल, किंवा तो शाळेच्या दारापर्यंत आलाही असेल आणि दार बंद असेल. आणि एका वाडीची सगळीच मुले गैरहजर दिसली तर कोणताही शहाणा शिक्षक वाडीत साथ आली असे एकदम म्हणत नाही. तो आधी विचारतो, ओढ्याला पूर आला का?

म्हणून पहिली गोष्ट अशी करावी, की स्कॅनरने पार्किंगच्या डब्यापुरते न पाहता साऱ्या गाडीची हजेरी घ्यावी. एकटा तोच गैरहजर आहे, की त्याच्या बाजूचे आणखी दोनचार? पुष्कळजण एकदम गैरहजर असतील तर डब्यांना सोडून वाटेकडे पाहावे. सामाईक तारजोडी, सामाईक फ्यूज, सामाईक बॅटरी. मरगळलेल्या बॅटरीने किंवा दुसऱ्या गाडीवरून वीज घेऊन गाडी सुरू केल्याने अशा खोट्या गैरहजेऱ्या ढिगाने मांडल्या जातात. म्हणून नोंदी कागदावर उतरवून घ्याव्यात, बॅटरी नीट करावी, वही पुसावी, गाडी फिरवून आणावी आणि पुन्हा पाहावे. पुन्हा उमटली ती नोंद खरी. कागदावर न उतरवता आधीच वही पुसणारा कारागीर मला तरी पसंत नाही. तो साक्षीदाराला न विचारताच घरी पाठवतो.

एकटाच डबा गैरहजर असेल तर त्याला तीन गोष्टी मिळतात का ते पाहायचे. वीज, अर्थ आणि बोलायच्या दोन तारा. याच क्रमाने पाहावे, कारण सोपे आधी आणि खर्चाचे शेवटी.

विजेसाठी फ्यूज. फ्यूज काढून नुसता उजेडात धरू नका. बसलेल्या ठिकाणीच त्याच्या पाठीवरच्या दोन्ही बिंदूंवर टेस्टरचा बल्ब लावून पाहा. एका बाजूला पेटला आणि दुसरीकडे नाही, म्हणजे फ्यूज गेला. नवा टाकला आणि तोही गेला, तर मोठ्या आकड्याचा टाकण्याचा मोह आवरावा. तार जळून आग लागण्याचा तो राजमार्ग आहे.

अर्थ म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली परतीची वाट. चोर बहुधा येथेच सापडतो, म्हणून येथे जास्त वेळ देतो. कारागीर मीटर लावतो, ‘टूं’ वाजते, आणि तो म्हणतो अर्थ ठीक आहे. पण ही परीक्षा फसवी. विहिरीवरचा दोर झिजून त्याचा एकच पदर उरलेला असला तरी रिकामा पोहरा त्यावर खुशाल लोंबकळतो. भरलेला ओढा, मग कळते. तसेच तारेचा एकच केस शिल्लक असला तरी मीटरची नाममात्र वीज त्यातून जाते, डब्याला लागणारी जात नाही. म्हणून ओझे असताना मोजावे. चावी चालू, रिव्हर्स गिअर टाकलेला, इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले. मीटरची एक टोकणी डब्याच्या अर्थाच्या तारेवर, दुसरी बॅटरीच्या ऋण टोकावर. दाब एक किंवा दोनदशांश व्होल्टच्या आत असला पाहिजे. एक-दोन व्होल्ट दिसले तर डबा निर्दोष, त्याची परतीची वाट चोंदलेली.

आमच्या एका सहकाऱ्यांच्या गाडीत असेच झाले. श्रावणात पडद्यावर पार्किंगची सूचना बंद असल्याचे वाक्य येऊ लागले. एक दिवस येई, दोन दिवस नसे. एका गॅरेजने स्कॅनर लावून नव्या डब्याचे पाच आकडी अंदाजपत्रक हातात दिले. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवले आणि तालुक्याच्या गावी गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी स्कॅनर हातात घेण्यापूर्वी विचारले, ‘सर, पाऊस पडल्यावर होतं, का गाडी धुतल्यावरबी होतं?’

सर म्हणाले, ‘दोन्ही वेळेला होतं. आणि दोन दिवस ऊन पडलं की आपोआप जातं.’

‘मग डबा कशाला जातोय? डबा गेला तर उन्हानं बरा व्हतोय व्हय?’

मला विचाराल तर हा प्रश्न तर्कशास्त्राच्या परीक्षेत घालावा असा आहे. कारण आणि कार्य बरोबर येतात, बरोबर जातात. पाऊस आला की बिघाड आला, ऊन आले की बिघाड गेला. मिस्त्रींनी डिकीचे आवरण काढले. मागच्या दिव्याचे रबर कडक होऊन फटले होते, तेथून पाणी झिरपून बरोबर अर्थाच्या स्क्रूवर उतरत होते. ताक ठेवलेल्या तांब्याच्या भांड्यासारखी तारेची टोके कळकून हिरवी झाली होती. मिस्त्रींनी रिव्हर्स टाकून मीटर लावले तेव्हा काटा दोन व्होल्टच्या वर गेला. त्यांनी टोक कापून नवे बसवले, पत्रा घासून स्क्रू आवळला, दिव्याचे रबर बदलले. रबर बदलले हे महत्त्वाचे. नाहीतर पुढच्या श्रावणात पुन्हा तेच.

वीज आणि अर्थ ठीक निघाले, की कपलर. म्हणजे तारांचा जुडगा जेथे डब्यात खोचतो ती जोडणी. हिरवेपणा, वाकलेली पिन, अर्धवट बसलेली कुलपी पाहावी. उंदरांनी कुरतडलेली तार, नंतर बसवलेला कॅमेरा किंवा गाणी लावायचे यंत्र, मागे ट्रॉली ओढायचा आकडा बसवताना कापलेली वायर, हे नेहमीचे गुन्हेगार. बिघाडाच्या आधी गाडीत काय नवे बसवले, हे गाडीमालकाने आपण होऊन सांगावे.

मग बोलायच्या तारा. चालकाच्या पायांजवळ सोळा छिद्रांचे एक तोंड असते, तेथे स्कॅनर लागतो. त्याचे सहावे आणि चौदावे छिद्र म्हणजे बहुतेक गाड्यांत कॅनच्या दोन तारा. या तारजोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक विरोध बसवलेला असतो. दोन समांतर जोडलेले १२० म्हणजे किती? आठवी-नववीतल्या विज्ञानशिक्षकांनी मुलांना विचारावे; उत्तर ६०. बॅटरीचे ऋण टोक काढून, काही मिनिटे थांबून, या दोन छिद्रांत मीटर लावला आणि ६०च्या आसपास आकडा आला तर वाट शाबूत. १२० आला तर कोठेतरी एक टोक तुटले आहे. शून्याजवळ आला तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र एक सावधगिरी. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांत या तोंडामागे द्वारपालासारखा एक डबा असतो आणि आतले रस्ते त्याच्या पलीकडे असतात. अशा गाडीत येथला ६० हा आकडा फक्त वेशीपर्यंतची हकीगत सांगतो. पार्किंगच्या डब्यापाशी जाऊनच मोजावे लागते. कोणत्या गाडीत काय आहे ते तिच्या वायरिंगच्या नकाशात असते. नकाशा न पाहता तारा टोचणाऱ्याला थांबवावे. आणि पिवळ्या कपलरला व पिवळ्या वेष्टणाच्या तारांना, त्या हवेच्या उशीच्या असतात, तसेच विजेवर चालणाऱ्या गाडीतल्या नारिंगी जाड तारांना घरगुती हात लावू नये. तेथे जिवाशी गाठ आहे.

एवढे सगळे ठीक निघाले आणि तरीही डबा बोलत नाही, तर मात्र त्याच्यावर संशय घ्यायला हरकत नाही. या डब्यांच्या स्वभावातली एक गोष्ट मला फार आवडते. आपले निरोप वारंवार चुकताहेत असे दिसले की डबा स्वतःच्या चुका मोजत राहतो, आणि मोजणी २५५च्या वर गेली की आपण होऊन बोलणे बंद करतो, म्हणजे इतरांच्या बोलण्यात व्यत्यय नको. पण हा संयम त्याच्या अंगची बोलण्याची यंत्रणाच जळाली तर उपयोगी पडत नाही. अशा वेळी तो सगळ्यांचेच बोलणे बंद पाडतो. त्याचा कपलर काढला आणि बाकीचे सगळे धडाधड हजर झाले, तर आरोपी सापडला. नवा डबा टाकला तरी काम संपत नाही. बऱ्याच गाड्यांत त्याला ही गाडी कोणती, सेन्सर किती, हे स्कॅनरने शिकवावे लागते. त्यावाचून नवा डबाही परक्या पोरासारखा गप्प बसतो, आणि लोक म्हणतात कंपनीने खराब माल दिला.

आता गाडी चालवणाऱ्यांसाठी. वरची मोजमापे मिस्त्री करील. तुम्ही आपल्या गाडीची सवय ओळखून ठेवा. पुष्कळ गाड्या रिव्हर्स टाकताच एकदा लहानसा ‘टुक’ आवाज देतात, म्हणजे ‘मी जागा आहे’. काही गाड्या बिघाड असला तर निराळा, लांब सूर काढतात. काही नुसतेच एक वाक्य पडद्यावर दाखवतात, आणि ते दोन सेकंदांत नाहीसे होते. तुमची गाडी यातले काय करते ते माहितीच्या पुस्तकात पाहा. पूर्वीच्या रेल्वेच्या हातवाल्या सिग्नलची तार तुटली तर हात आपोआप ‘थांबा’वर जाई, तुमच्या गाडीत तशी सोय नाही. तिची तार तुटली तर तिचे मौन ‘या’ असेच ऐकू येते. म्हणून नेहमीचा ‘टुक’ आला नाही, तर त्या दिवशी सेन्सर नाही असे धरून चालायचे.

शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. बंपरच्या उंचीपेक्षा बुटके मूल, त्यातून खाली वाकून चप्पल घालणारे, आरशात दिसत नाही. शाळेच्या आवारात गाडी मागे घेताना एका मोठ्या माणसाने खाली उतरून बाजूला उभे राहायचे आणि त्याचा आवाज चालू असेपर्यंतच गाडी हलवायची, असा नियम मुख्याध्यापकांनी घालून द्यावा. सेन्सर चांगला असला तरीसुद्धा.

आणि दुरुस्ती झाल्यावर ‘झालं काम’ या शब्दांवर गाडी ताब्यात घेऊ नका. जुनी आणि नवी, दोन्ही नोंदींचा कागद मागा. डबा बदलला असेल तर जुना डबा मागा. मग गाडी सपाट जागी उभी करा. हातब्रेक ओढा, इंजिन बंद ठेवा, चावी चालू करून रिव्हर्स टाका. बंपरमधल्या एकेका टिकलीजवळ कान न्या, आजूबाजूला गोंगाट नसेल तर बारीक ‘टिक टिक’ ऐकू येते. जी टिकली मुकी आहे ती लगेच कळते. नंतर एक रिकामा पत्र्याचा डबा, तेलाचा असतो तो, विटांवर ठेवून बंपरच्या उंचीला आणा आणि दोन हातांवरून हळूहळू प्रत्येक टिकलीसमोर सरकवत न्या. भोंगा कोठे सुरू होतो आणि कोठे सलग वाजतो तेथे जमिनीवर खडूने रेघ मारा. चारही टिकल्यांच्या रेघा साधारण एका ओळीत यायला हव्यात. एखादी फारच आत आली, तर पैसे देण्यापूर्वी मिस्त्रींना ती दाखवा.